एका प्रश्नाला तीन उत्तरं

काकांचा डावा पाय नेमका कशामुळे अधू झाला, हे मला आजही माहीत नाही. माझ्या शाळेच्या मुलांना त्यांनी सांगितलं, लहानपणी मांडूच्या खुरासानी इमलीच्या जाडजूड झाडावर चढलो होतो, माकडानं ढकललं. त्याच दुपारी एका नव्या जोडप्याला ते सांगत होते, की लग्नाआधी काकूंना चोरून भेटायला सायकलनं देवासला निघालो आणि वाटेत पडलो. आणि संध्याकाळच्या आत ओंकारेश्वर गाठायच्या गडबडीत असलेल्या एका कुटुंबाला त्यांनी चालता चालता "पोलियो" एवढंच सांगितलं. तिन्ही वेळा मी दोन पावलांवर उभा होतो. माझ्याकडे बघून त्यांनी डोळासुद्धा मिचकावला नाही. हसावं की रागवावं, मला कळेना.

मी तेव्हा धारच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. आता बदली होऊन देवासला आलो आहे आणि सहली काढायचं वयही राहिलं नाही. पण त्या काळात दर हिवाळ्यात मुलांची एक बस घेऊन मांडूला जायचो आणि गाइड म्हणून काकाच लागायचे. जहाज महालाच्या फाटकासमोर काकूंचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली दोन बाकं, एक चूल आणि गोवऱ्यांचा ढीग. पळसाच्या पानांत ठेवून भाजलेले मक्याचे पानिये आणि लसणाची फोडणी दिलेली तुरीची दाल, एवढे दोनच पदार्थ. काका माणसं हिंडवून दमवत आणि काकू त्यांना जेवू घालत. काकांचे पणजोबा धारच्या पागेत कामाला म्हणून घाटावरून आले होते. निदान तीनपैकी दोन हकिकतींत तरी पागाच होती.

तीन उत्तरं ही त्यांची कामाची पद्धतच होती. फाटकाशी तिकिटं काढली जात असताना ते लोकांना निरखून घेत आणि मनात त्यांची वाटणी करून टाकत: सहलवाले, जोडपी आणि घाईवाले. प्रत्येकाला निराळा मांडू. हिंडोळा महालाच्या भिंती तिरप्या का, असं मुलांनी विचारलं तर उत्तर यायचं, हत्ती आत वळताना त्याला खरचटू नये म्हणून. जोडप्यांना सांगत, आत कोणी हळू बोललं तर भिंतींना वाकून ऐकावं लागायचं. घाईवाल्यांना, "मजबुतीसाठी. पुढे चला."

एकदा पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक मागेच लागले. म्हणाले, "अहो, यातली खरी कुठली?"

काका म्हणाले, "साहेब, घरी गेल्यावर तुम्हाला जी आठवेल ती."

प्राध्यापक चिडले. पण जाताना काकूंच्या बाकावर बसून तेच हत्तीची गोष्ट बायकोला पुन्हा सांगत होते.

धंद्यापुरतं हे ठीक होतं. हा माणूस घरीही तसाच होता. जेवणार का म्हटलं तर एक लांबलचक हकीकत, एक लाडिक वाक्य आणि एक हुंकार, यातलं काय मिळेल त्याचा नेम नाही. काकू पानिये उलटवता उलटवता मला म्हणायच्या, "चौतीस वर्षं झाली लग्नाला, सर. या माणसानं मला सरळ एका शब्दात 'हो' म्हटलेलं नाही. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही काहीतरी सांगूनच राहिले होते." मी हसायचो. त्या हसत नसत.

मग एका वर्षी नवरात्रानंतर दोघं इंदूरला डोळे दाखवून आले. काकांना एका डोळ्यात मोतीबिंदू असल्याचा संशय होता. काकू सोबत म्हणून गेल्या आणि आलोच आहोत तर त्यांचेही डोळे तपासून घेतले. दोघांच्याही डोळ्यांत औषध घातलेलं. काकू डोळे मिटून बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या आणि डॉक्टरांनी काकांना एकट्यालाच आत बोलावलं. काका बराच वेळ आत होते. बाहेर आले ते गप्प होते. बस अर्ध्या वाटेवरच्या घाटा बिल्लोदला पोचेपर्यंत गप्प होते.

आणि आठवड्याभरात त्यांनी अंदमानची तिकिटं काढली.

काकूंनी मला हॉटेलात बसवून घेतलं आणि समोर ताट ठेवायचंसुद्धा विसरल्या. "यांनी आजवर मला उज्जैनच्या पुढे नेलं नाही. आता एकदम विमान, एकदम बेट. सर, डॉक्टर यांना काहीतरी बोललाय. डोळे जाऊन राहिलेत यांचे. जायच्या आधी समुद्र बघायचाय यांना, दुसरं काय?"

"विचारा ना त्यांना."

"विचारलं. तीन उत्तरं सांगितली." त्यांनी चिमटा चुलीच्या कडेला आपटला. "मला खरं कळलं पाहिजे. डोळे खरंच जात असतील तर मी हे हॉटेल बंद करीन, यांच्यापाशी बसीन. नुसत्या अंदाजावर चूल कशी विझवू? तुम्ही चला सोबत. तुम्हाला सांगतील."

त्याच संध्याकाळी काका धारला माझ्या घरी हजर. "सर, समुद्र हा तुमचा विषय. पंचवीस वर्षं फळ्यावर काढून राहिले, एकदा बघून तर घ्या." माझ्या बायकोला बोटीच्या नुसत्या कल्पनेनं मळमळायचं, म्हणून ती म्हणाली, तुम्हीच जा. दिवाळीची सुट्टी होती. मी गेलो. दोघांनी दोन कारणांसाठी मला बरोबर घेतलं होतं, की एकाच कारणासाठी, याचा मी विमानात बराच विचार केला.

तिकडे गेल्यावर तर माझा गोंधळ वाढतच गेला. पहिली गोष्ट म्हणजे काका गप्प. मांडूत नुसत्या उंबऱ्यावर पाऊण तास बोलणारा माणूस इथे इतिहासाचं एक अक्षर काढेना. मी डिवचलं, "काका, या बेटाची गोष्ट सांगा की."

"इथलं मला काय माहीत? मी पण टूरिस्टच आहे न, सर."

असं सरळ उत्तर त्यांच्याकडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला ते आजारपणाचंच लक्षण वाटलं.

दुसरी गोष्ट, जेवण. पोर्ट ब्लेअरला जेट्टीजवळ एका बंगाली बाईंची खाणावळ होती. काकांनी भिंतीवरचा फळा वाचला आणि सगळंच मागवलं. मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण, नारळाच्या दुधातली कोळंबी, आख्खा खेकडा, केळफुलाची भाजी. आमच्याकडे मासा म्हणजे क्वचित कधी धरमपुरीहून आलेला, नदीचा. खेकडा समोर आला तेव्हा काकू खुर्ची मागे सरकवून बसल्या. काकांनी नांगी फोडली, आतलं पांढरं काढून काकूंच्या भातावर ठेवलं. काकूंनी तोंडात घातलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "नारळ भाजून घातलाय. पण मीठ मागून टाकलंय." मग तडक उठून स्वयंपाकघरात गेल्या. बंगाली बाईंना मराठी येत नव्हती आणि काकूंची हिंदी माळव्यातली. तरी पाच मिनिटांनी दोघी खोबऱ्याच्या किसात बोटं बुडवून हसत होत्या. चौतीस वर्षं दुसऱ्यांना वाढणारी बाई बाकावर बसून दुसऱ्याच्या हातचं खाते आहे, हे बघताना मला फार बरं वाटलं. जेवून झाल्यावर त्यांनी सवयीनं आमची ताटं गोळा केली, तेव्हा डाव्या हाताचा धक्का लागून कालवणाची वाटी खाली गेली.

"अहो, इथे कुणी ठेवली ही!" त्या काकांवर ओरडल्या. पुढच्या प्रत्येक जेवणात काका त्यांच्या वाट्या उचलून उजवीकडे मांडू लागले. म्हातारपणी माणूस असा काटेकोर होतो, असं मला वाटलं.

हॅवलॉक बेटावर आम्ही तीन दिवस होतो. सकाळी शहाळं, दुपारी केळीच्या पानावर सुरमई, संध्याकाळी वाळूवर बसून गरम केळीभजी. पाण्याचा रंग दर तासाला निराळा. मी पंचवीस वर्षं निळ्या खडूनं समुद्र रंगवला होता, त्याची मला लाज वाटली. काका मात्र समुद्राकडे कमी आणि काकूंकडे जास्त बघत. "ती बघ, ती पांढरी रेघ. दिसली? तो खेकडा बघ, पळून राहिलाय. दिसला का?" काकू म्हणत, "दिसला, दिसला." आणि लगेच माझ्याकडे वळून हळूच, "यांनाच दिसत नसेल. म्हणून मला विचारून खात्री करतात."

त्या काकांची परीक्षाही घेत. "त्या बोटीवर काय लिहिलंय, वाचा बरं." काका लांबूनच नाव, खालचा नंबर, सगळं वाचत. काकू मला म्हणत, "मघाशी जवळून गेली तेव्हा पाठ केलं असेल."

काचेच्या तळाच्या होडीत काकांनी काकूंना बरोबर काचेच्या मधोमध बसवलं आणि त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून वाकवलं. खाली प्रवाळ, जांभळे मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. फेरी संपली तर काका उतरेनात. "भिया, एक चक्कर और."

"अंकलजी, वही मछली है, वही फिर आएगी."

"वही दिखाओ न, भिया. अपन को वही देखनी है."

नावाड्यानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यांना दुसऱ्यांदा तेच मासे का बघायचे होते हे मलाही कळलं नव्हतं.

आणि थेंब. रोज सकाळी आणि जेवणाआधी काका खिशातून दोन बाटल्या काढत. एकीतले थेंब स्वतःच्या डोळ्यांत टाकत, नाक वाकडं करत आणि मग दुसरी बाटली उघडून म्हणत, "ये, तुझ्याही टाकतो. थंडावा येतो." काकू कुरकुरत डोकं मागे करत. "औषध यांचं आणि सोबत मी." मी एकदा दोन्ही बाटल्या हातात घेतल्या. दोन्हींवरची चिठ्ठी खरवडून काढलेली होती. मी विचारायला तोंड उघडलं, तर काकांनी बाटल्या काढून घेतल्या आणि केळीभजी आणायला निघून गेले.

शेवटी मी धीर करून त्यांना गाठलंच. काकू समुद्रात घोट्याएवढ्या पाण्यात साडी धरून उभ्या होत्या. आम्ही वाळूवर.

"काका, डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमचे डोळे बिबट्याचे आहेत."

"काका."

"म्हणाले, या वयात माणसानं बायकोकडे बघत जावं, नजर शाबूत राहते."

"अहो, काकू रडकुंडीला आल्यात. तुमचे डोळे जाणार असं त्यांना वाटतंय. त्या हॉटेल बंद करायला निघाल्यात."

त्यांनी पायानं वाळू उकरली. "मोतीबिंदू," ते म्हणाले. "थंडीत काढू."

घाईवाल्यांचं उत्तर. मी काकूंना जाऊन तसंच सांगितलं आणि त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मीही काकांच्यातलाच झालो.

शेवटचा मुक्काम नील बेटावर. तिथे समुद्रानं खडक पोखरून एक पूल तयार केला आहे. ओहोटीला पाणी मागे हटलं की कातळावरून चालत त्याच्याखाली जाता येतं. जागोजागी डबकी, शेवाळं, वाटेत धारदार प्रवाळ. काका एका हातानं काकूंचा डावा दंड धरून चालत होते. त्यांचा पाय अधू, त्यामुळे कोण कुणाला सावरतंय हे मागून मला सांगता आलं नसतं. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा, धरल्याशिवाय पाऊल टाकवत नाही यांना." तेवढ्यात एक फोटो काढणारा आडवा आला, काकांचा हात सुटला आणि काकूंचा डावा पाय सरळ एका डबक्यात गेला. डबकं चांगलं परातीएवढं होतं, उन्हात चकाकत होतं. एखाद्या लहान मुलानंही चुकवलं असतं.

आम्ही त्यांना कातळावर बसवलं. नडगी सोलून रक्त आलं होतं. काकूंचा संताप अनावर झाला. "सर, आता माझ्यासमोर विचारा यांना! स्वतःला दिसत नाही आणि मला धरून चालतात. दोघं मेलो असतो. अहो, सरळ सांगायला काय जातं तुमचं? तुमचे डोळे चाललेत, हो की नाही?"

काका त्यांच्यासमोर ओल्या दगडावर बसले. रुमाल त्यांच्या नडगीवर दाबून धरला. मला वाटलं, आता माकड येईल, नाहीतर सायकल.

"मला सगळं दिसतं," ते म्हणाले. "तुला दिसत नाही."

"काय?"

"काचबिंदू आहे तुला. डावा डोळा गेलाय. उजव्याचं कडेचं गेलंय, मधलं आहे. गेलेलं परत येत नाही. आहे ते थेंबांनी टिकेल."

"किती?"

"डॉक्टरला माहीत नाही. मला पण नाही."

एवढंच. याची दुसरी हकीकत नव्हती. मी तिथून उठून जायला हवं होतं, पण बसूनच राहिलो. वाटी, डबकं, रोज उजवीकडे मांडलेल्या वाट्या, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी भूगोलाचा मास्तर, मला त्यातलं काही दिसलं नव्हतं.

काकूंनी तळहातानं उजवा डोळा झाकला आणि समोर बघितलं. मग हात काढला. पुन्हा झाकला. असं तीनदा. मग पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, रडतील. त्या काकांना म्हणाल्या, "मग मला इथे कशाला आणलंत?"

"तू समुद्र बघितला नव्हतास."

"मी मांडू कुठे बघितलंय?"

काकांनी नडगीवरून मान वर केली.

"चौतीस वर्षं फाटकासमोर बसलेय. आत जाणारी माणसं बघितली, बाहेर येणारी बघितली. तुम्ही येणार वीस जणांना घेऊन, सगळ्यांना भूक लागलेली, मी दाल करायची. कधी आत गेले मी? सगळ्या दुनियेला दाखवलंत. त्या रूपमतीच्या मंडपात मी एकदा तरी चढलेय का, विचारा सरांना."

मला विचारायची गरज नव्हती. पंधरा वर्षं मी त्या बाकावर जेवलो होतो आणि काकू चुलीपासून उठून कधी रस्ता ओलांडताना मला आठवत नव्हत्या. काकांच्या तर ते मनातच आलं नसावं. ते म्हणाले, "मला वाटलं, तू बघितलं असशील," आणि त्यांचा आवाज इतका लहान झाला की मला त्यांची दया आली आणि रागही आला.

आमची परतीची तिकिटं आणखी तीन दिवसांनंतरची होती. काकूंना तीन दिवस थांबायचं नव्हतं. मी ती बदलून घेतली. इंदूरहून गाडी केली, धारला माझ्या घरी सामान टाकलं आणि तसेच मांडूला गेलो. नडगीला पट्टी होती, पण काकूंनी ऐकलं नाही. हॉटेल बंदच होतं. त्यांनी तिकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

जहाज महाल, हिंडोळा महाल, एकेका दगडापाशी थांबत गेलो. काका त्यांना उजवीकडून दाखवत होते, आणि फक्त "हा हौद", "ही कमान", एवढंच बोलत होते. तिरप्या भिंतींपाशी काकू थांबल्या. "या तिरप्या का?" काका म्हणाले, "नक्की माहीत नाही." काकूंनी मान हलवली, भिंतीला हात लावून बघितला.

दुपार उतरताना आम्ही रूपमतीच्या मंडपात चढलो. पायऱ्यांवर काकू दोनदा बसल्या. वर वारा होता. कठड्याशी काकांनी त्यांना उभं केलं आणि मागून दोन्ही खांदे धरले. खाली सगळं निमाडचं मैदान पसरलं होतं. काकू डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"इथून नर्मदा दिसते म्हणतात न? कुठे?"

काकांनी हात लांब करून दाखवली. काकूंनी त्यांच्या बोटाच्या रोखानं बघितलं. मान इकडे केली, तिकडे केली. "नाही दिसत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिसते का? सरळ सांगा."

काकांनी तिकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले. "आज मलाही नाही."

पाऊस संपून हवा धुऊन निघाली होती. शेतांच्या पार पलीकडे पाण्याची रेघ उन्हात लखलखत होती. काकांच्या डोळ्यात खरोखर मोतीबिंदू होता की नव्हता, त्यांना ती दिसली की नाही, मला सांगता येत नाही.

काकू माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्हाला?"

"नाही, काकू," मी म्हणालो. "धुकं आहे."